कूस उजवण्याआधी : स्त्रीबीजाच्या कवचाची गोष्ट

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली की चौकशा सुरू होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण हातात ठेवता ठेवता कुणीतरी हळूच विचारतं, "काय गं, अजून काही नाही का?" तिसऱ्या वर्षी सासूबाई एखादं व्रत सुचवतात. चौथ्या वर्षी शेजारच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आपलं दार टाळून पुढे जातं. या सगळ्या काळात घरातल्या दुसऱ्या माणसाला, म्हणजे नवऱ्याला, कुणी काही विचारत नाही. तो कामावर जातो, येतो, पेपर वाचतो. प्रश्न मात्र सूनबाईच्या पदरात!

भगिनींनो, हे का होतं याचा थोडा विचार करू या. त्यासाठी आज एका अगदी लहान, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची ओळख करून घ्यायची आहे. ती आहे आपल्या प्रत्येक स्त्रीबीजाभोवतीचं पारदर्शक कवच. नाव थोडं अवघड आहे, 'झोना पेल्युसिडा'. पण तिचं काम समजलं, की "दोष तिचाच" हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघणार नाही.

शेत आणि बी

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ काही फार लांब नाही. घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकीने तिथली कथा ऐकलेली असते. सुधर्मा नावाचा ब्राह्मण, त्याची बायको सुदेहा. मूलबाळ नाही, म्हणून लोकांचे टोमणे. शेवटी सुदेहेने स्वतःच हट्ट धरून आपल्या धाकट्या बहिणीचं, घुश्मेचं, लग्न नवऱ्याशी लावून दिलं. घुश्मेला मुलगा झाला आणि सुदेहेच्या मनात मत्सराने घर केलं. पुढे त्या मुलाची हत्या, घुश्मेची अढळ भक्ती आणि शंकराच्या कृपेने परत उठलेला मुलगा, हे आपल्याला ठाऊक आहेच.

घुश्मेच्या भक्तीपुढे आपण हात जोडतो, ते योग्यच. पण सुदेहेकडेही क्षणभर बघा. तिला मूल का होत नव्हतं, हे त्या कथेत कुणी विचारलं नाही. विचारून सांगणारंही तेव्हा कुणी नव्हतं. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे शेत, पीक आलं नाही तर जमीन नापीक, असाच जगभरचा समज होता. आजही बोलताना आपण तेच शब्द वापरतो की नाही?

या समजाला मोठा धक्का बसला १८२७ साली. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर नावाच्या शास्त्रज्ञाला कुत्रीच्या बीजकोषात एक पिवळसर ठिपका दिसला. सस्तन प्राण्यांच्या मादीचं बीज माणसाने डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा! म्हणजे बी दोघांचंही असतं. बाई नुसतं शेत नाही. या गोष्टीला आता दोनशे वर्षं होत आली, पण ती आपल्या ओसरीपर्यंत अजून नीट पोचलेली नाही.

पपनसासारखी साल

आपलं बीज केवढं असतं? दहा बीजं ओळीने ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तरी शरीरातल्या मोठ्यात मोठ्या पेशींमध्ये त्याची गणना होते. त्याच्याभोवतीचं कवच मिलिमीटरच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतकं जाड. ऐकायला हे काहीच नाही असं वाटतं. पण ते बीज फुगवून पपनसाएवढं केलं, अशी कल्पना करा. मग कवच पपनसाच्या सालीइतकं जाड दिसेल. बीजाच्या मानाने किती भक्कम बंदोबस्त झाला पाहा!

हे कवच कोंबडीच्या अंड्याच्या कवचासारखं कडक नसतं. काचेसारखं आरपार दिसणारं, पण जेलीसारखं लवचिक असतं. प्रथिनं आणि साखर यांच्या बारीक धाग्यांनी ते विणलेलं असतं. माणसाच्या बीजात असे चार प्रकारचे धागे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना झेडपी १, २, ३ आणि ४ म्हणतात. त्यातला झेडपी १ हा बाकीचे धागे एकमेकांना बांधून ठेवतो. स्वेटर विणताना एक टाका सुटला की पुढची वीण कशी उसवत जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. इथेही तसंच. २०१४ साली चीनमधल्या एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाली. त्या घरातल्या काही स्त्रियांना मूल होत नव्हतं. तपासणीत दिसलं, की झेडपी १ तयार करणाऱ्या जनुकातच जन्मजात बिघाड आहे आणि त्यांच्या बीजांना कवचच नाही. असा बिघाड फार क्वचित आढळतो, तेव्हा हे वाचून कुणी धसका घेऊ नका. सांगायचं इतकंच, की कवच नसेल तर पुढचं सगळंच अडतं.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोषांत दहा-वीस लाख कच्ची बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती फक्त चारशे-पाचशे. बीज वाढीला लागलं की त्याच्याभोवती हे कवच चढू लागतं.

दारावरची राखण

आता या कवचाचं काम काय ते पाहू.

एका वेळी पुरुषाच्या वीर्यातून कोट्यवधी शुक्रजंतू येतात. त्यातले बीजवाहक नलिकेत बीजाजवळ पोचतात ते फार तर काहीशे. आणि पोचले म्हणून लगेच काम होतं असंही नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्याशिवाय शुक्रजंतूच्या अंगी बीजात शिरण्याची पात्रताच येत नाही. १९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन या दोघांनी वेगवेगळं काम करून हे शोधून काढलं. म्हणजे तालमीत तयार झालेला पहिलवान आला आणि जिंकला, असा हा मामला नाही. त्याची शेवटची तालीम बाईच्या शरीरातच होते.

बीजाभोवती आधी मऊ पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून आत आल्यावर कवच लागतं. शुक्रजंतू कवचाला चिकटतो. त्याच्या डोक्यावरच्या टोपीतली द्रव्यं आणि शेपटीचा जोर यांच्या मदतीने तो त्या विणीतून वाट काढतो. ज्याला चिकटताच येत नाही किंवा ज्याच्या शेपटीत जोर नाही, तो बाहेरच राहतो.

दुसरं काम, जात ओळखण्याचं. माणसाचा शुक्रजंतू उंदराच्या बीजाच्या कवचाला चिकटत नाही. १९७६ साली यानागिमाची या शास्त्रज्ञाने हवाईमध्ये एक प्रयोग केला. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजावरचं कवच त्याने काढून टाकलं. तेव्हा माणसाचा शुक्रजंतू त्या बीजात शिरला! तिथून पुढे गर्भ काही वाढत नाही. पण या प्रयोगातून पुरुषांच्या शुक्रजंतूंची ताकद पाहण्याची एक चाचणी तयार झाली आणि ती बरीच वर्षं वापरात होती. म्हणजे बघा, पुरुषाचीही परीक्षा घ्यावी लागते, हे प्रयोगशाळांनी केव्हाच मान्य केलं होतं.

तिसरं काम फार महत्त्वाचं. एक शुक्रजंतू आत गेला की बीज आतून काही द्रव्यं सोडतं. त्यांनी कवचाच्या धाग्यांत बदल होतो आणि नंतर येणाऱ्याला पकडच मिळत नाही. घरधनिणीने आतून कडी लावून घ्यावी तसं! दोन शुक्रजंतू आत गेले तर जुळी होतात, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तसं झालं तर गर्भात गुणसूत्रांची गर्दी होते आणि तो टिकत नाही. एकसारखी दिसणारी जुळी होतात ती एकाच गर्भाचे पुढे दोन भाग झाल्यामुळे. वेगवेगळी दिसणारी जुळी होतात ती दोन बीजं फळल्यामुळे.

आणि चौथं काम सांभाळण्याचं. फळलेलं बीज नलिकेतून गर्भाशयाकडे जातं तेव्हा एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत असतात. त्या सुट्या पडू नयेत आणि गर्भ वाटेतच नलिकेला चिकटू नये, ही काळजी कवच घेतं. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ गर्भाशयात असतो. तेव्हा कवच विरळ होऊन फाटतं, गर्भ त्यातून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. वेळेवर मिटायचं आणि वेळेवर उघडायचं, दोन्ही त्याला साधावं लागतं.

मुलगा की मुलगी हे मात्र कवच ठरवत नाही, आणि बीजही नाही. ते शुक्रजंतूवर अवलंबून असतं. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना हे एकदा शांतपणे सांगायला हरकत नाही.

परळमधली ती ऑगस्टची तारीख

हे सगळं शरीराच्या आत, अंधारात चालतं. ते बाहेर, काचेच्या बशीत घडवून आणता येईल का? २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. पण त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि तिथल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मिळून काम सुरू केलं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांच्या हातून एक मुलगी जन्माला आली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेलं ते देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ. सरकारी शिस्तीच्या, सामान्यांच्या रुग्णालयात हे घडलं, याचं आपल्याला कौतुक वाटायला हवं. आणि डॉ. आनंद कुमार यांचा मोठेपणा असा, की पुढे जुनी कागदपत्रं पाहून त्यांनीच १९९७ साली सांगितलं, डॉ. मुखोपाध्याय यांचं काम खरं होतं. केईएममध्ये जन्मलेली ती मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि २०१६ साली तिलाही मुलगा झाला. बाळंतपण केलं डॉ. हिंदुजांनीच!

या पद्धतीत बीज आणि शुक्रजंतू बशीत एकत्र ठेवतात. पण कवच ओलांडायचं काम शुक्रजंतूलाच करावं लागतं. तो अशक्त असेल तर बशीतही काम अडतं. यावर १९९२ साली ब्रुसेल्समध्ये तोडगा निघाला. अतिशय बारीक सुईने एक शुक्रजंतू उचलायचा, कवचातून सुई आत घालायची आणि त्याला थेट बीजात सोडायचं. याला 'इक्सी' म्हणतात. ज्या पुरुषांना पूर्वी "आशा नाही" असं सांगत, त्यांच्यातल्या अनेकांना त्यामुळे बाप होता आलं. आता विचार करा, जगात इतक्या ठिकाणी ही सुई वापरली जाते, ती कुणाच्या उणिवेवर? ती मुळात निघाली पुरुषाच्या उणिवेवर. आणि टोचून घेणं, औषधं, भूल हे सगळं सोसते कोण? बाई.

कवचाचं दार बंद करून पाळणा लांबवता येईल का, याचाही विचार शास्त्रज्ञांनी केला. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीतही त्यावर काम झालं. कवचाविरुद्ध लस टोचली की शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं आणि शुक्रजंतूला चिकटायला जागा उरत नाही. डुकरिणीच्या बीजाच्या कवचापासून केलेली अशी लस अमेरिकेत रानघोड्यांना आणि दक्षिण आफ्रिकेत हत्तिणींना देऊन त्यांची संख्या आवरली गेली. पण प्रयोगातल्या काही प्राण्यांच्या बीजकोषांना त्यामुळे इजा झाली. म्हणून स्त्रियांसाठी ती वापरात आलेली नाही.

मग आपण काय करायचं?

आता घरातल्या गोष्टीकडे वळू. कुठलंही साधन न वापरता वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांना भेटावं. तुमचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं. पाळी फार अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, किंवा यजमानांना गालफुगीच्या वेळी अंडकोषाला सूज आली असेल, तर तेवढंही थांबू नये. जननमार्गाच्या क्षयाने नलिका बंद झालेल्या स्त्रिया आपल्या देशात पुष्कळ आहेत, आणि कित्येकींना तो होऊन गेल्याचा पत्ताही नसतो.

बीज बाहेर पडल्यावर बारा ते चोवीस तासच टिकतं. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतो. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं. म्हणून त्या दिवसासकट आधीचे पाच दिवस महत्त्वाचे. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर नवव्या-दहाव्या दिवसापासून हिशेब धरा. पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवल्या तरी चालतील! डॉक्टरांना त्याच पहिल्यांदा लागतात.

पहिली तपासणी कुणाची? दोघांची, एकाच वेळी. आणि त्यातही सर्वांत सोपी तपासणी यजमानांची. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. टोचणं नाही, भूल नाही. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही काहीतरी वाटा सापडतो. एवढं असूनही बाईच्या नलिकांचा फोटो, दुर्बिणीची तपासणी, सगळं होऊन जातं आणि यजमानांचा कागद कोराच राहतो. असं होऊ देऊ नका. एका तपासणीत कमी आढळलं तरी घाबरायचं कारण नाही. काही आठवड्यांनी ती पुन्हा करतात. तंबाखू, गुटखा, विडी-सिगारेट आणि दारू यांचा शुक्रजंतूंवर वाईट परिणाम होतो. तेवढं तरी त्यांनी सोडावंच. तुम्हालाही मशेरीची सवय असेल तर तुम्हीही.

हे त्यांना सांगायचं कसं, हा खरा पेच. रागात किंवा सासूबाईंसमोर सांगू नका. "आपण दोघं जाऊ, डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय," असं म्हणा. बहुतेक डॉक्टर बोलावतातच, तेव्हा ते खोटंही ठरत नाही. पुरुषाला यात आपलं पौरुष पणाला लागल्यासारखं वाटतं. शुक्रजंतू कमी असणं आणि पौरुष यांचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

सुरुवातीला मोठ्या जाहिरातीच्या दवाखान्यातच जायला हवं असं नाही. आपल्याकडे सगळा मराठवाडा ज्याला 'घाटी' म्हणतो, त्या शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागातही पहिला सल्ला घेता येतो. पुढे टेस्ट ट्यूबची वेळ आलीच, तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्या केंद्राची नोंदणी झालेली असली पाहिजे. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. याच कायद्यात स्त्रीच्या वयाची मर्यादा २१ ते ५० आणि पुरुषाची २१ ते ५५ अशी आहे.

आणखी एक. उपचार चालू असताना कधीकधी सांगतात, "कवच लेझरने थोडं पातळ करू, म्हणजे गर्भ लवकर बाहेर येईल." याचे पैसे वेगळे लागतात. काही थोड्या जोडप्यांत डॉक्टरांना त्याची गरज वाटू शकते. पण सरसकट सगळ्यांना केल्याने मूल घरी येण्याचं प्रमाण वाढतं, असा भक्कम पुरावा नाही. तेव्हा "आमच्या बाबतीत हे का?" असं जरूर विचारा. साडी घेताना पदर उलटून बघणाऱ्या आपण. इथे तर प्रश्न शरीराचा आणि साठवलेल्या पैशाचा आहे.

सगळं करूनही यश येईलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून दूर राहिलेलं बरं. पण मूल होणं म्हणजेच संसार नव्हे, आणि आई होण्याची वाट एकच नाही. दत्तक घ्यायचं असेल तर 'कारा' या केंद्रीय यंत्रणेकडे रीतसर नोंदणी करता येते. तो निर्णयही दोघांनी मिळून, मनापासून घ्यावा. लोकांची तोंडं बंद करण्यासाठी घेऊ नये.

ज्यांच्या कडेवर मूल आहे त्या मैत्रिणींनाही एक विनंती. आपल्या गल्लीतल्या, आपल्या भिशीतल्या एखादीची ओटी अजून रिकामी असेल, तर तिला डोहाळजेवणाचं बोलावणं आवर्जून करा. "अजून काही नाही का?" हे मात्र विचारू नका. तिला कधी बोलावंसं वाटलंच, तर दिवस, वार, व्रत सांगण्याआधी एवढंच विचारा, "तुम्ही दोघं दाखवून आलात का?" त्या 'दोघं' शब्दात तिचा निम्मा भार उतरलेला असेल.